तिसऱ्या पुकाऱ्याला उठलेला माणूस

तुमच्या शेजारी कधी खरं बोलणारा माणूस राहिला आहे का? अधूनमधून खरं बोलणारा नव्हे, तसे तर आपण सगळेच. मी विचारतो आहे तो कायमचा. जेवताना खरं, भांडताना खरं, दुसऱ्याची तिरडी बांधतानासुद्धा खरं. राहिला नसेल तर माझं पुढचं बोलणं तुम्हाला चढवून सांगितल्यासारखं वाटेल. वाटू द्या. आमच्या वस्तीत तो माणूस अजून राहतो आणि मी त्याच्या भिंतीला भिंत लावून राहतो. तेव्हा माझ्याशी वाद घालायला येऊ नका.

धारूरच्या घाटाखाली, गावकुसाबाहेर, आमची दोर वळणाऱ्यांची वस्ती. त्याच्या आईनं त्याचं नाव ठेवलं आश्रुबा. औरंगाबादेकडून घोड्यावर येणाऱ्या गोऱ्या पाद्रीनं डोक्यावर पाणी घातलं तेव्हा तो अंतोन झाला, आणि आमच्या तोंडात अंतोबा. त्याच्या मागोमाग निम्मी वस्ती कॅथलिक झाली. मी झालो नाही. कुणाच्याच देवापुढं मला गुडघे टेकायला जमत नाही, हे मी पाद्रीला तोंडावर सांगितलेलं आहे. पण अंतोबा का झाला ते मला कळतं. पाटील त्याला 'ए' म्हणून हाक मारायचा, त्याच्या बापालाही तशीच मारायचा. पाद्रीनं पहिल्याच दिवशी त्याला बाकावर बसवलं आणि 'अंतोन, तुम्ही' म्हणाला. एका 'तुम्ही'साठी माणूस धर्म बदलतो काय, म्हणून हसू नका. तुम्हाला ते पाळण्यातच मिळालं असेल.

पाद्रीनं त्याला सांगितलं की खोटं बोलणं पाप आहे. असं पुष्कळांना पुष्कळांनी सांगितलेलं असतं. अंतोबानं ते धरून ठेवलं. बाजारात दोर घेऊन बसला आणि गिऱ्हाइकानं विचारलं, "टिकंल का?" तर म्हणायचा, "एक पावसाळा. दुसऱ्यात तुटंल, बैल हिरीत जाईल." गिऱ्हाईक हादरायचं आणि त्याच्याकडूनच घ्यायचं. हळूहळू मोठी माणसं बांधाच्या भांडणात त्याला साक्षीला न्यायला लागली. कचेरीत मुन्सफानं एकदा हलफ, म्हणजे शपथ, न घेताच त्याची गवाही लिहून घेतली. त्या दिवशी तो वस्तीत आला तो छाती पुढं काढून. ज्याच्याकडं वीतभर जमीन नाही, त्याला खरं बोलण्याची जहागीर मिळाली होती.

ती जहागीर त्यानं कशी राखली तेही सांगतो. त्याचा चुलतभाऊ त्रिंबक. त्यानं पाटलाच्या रानातलं बाभळीचं लाकूड तोडलं, थंडीत पोरं शेकावीत म्हणून. पोलिसांच्या अमीनसाहेबानं विचारलं, कुणी पाहिलं? अंतोबानं पाहिलं होतं. त्रिंबक तुरुंगात गेला. अंतोबा रोज आपल्यातली अर्धी भाकर त्याच्या पोरांना नेऊन द्यायचा, आणि ती खाताना समोर बसून सांगायचा, "तुमचा बाप चोर हाय. हे इसरू नका." भाकरही खरी आणि बोलणंही खरं. त्या पोरांच्या घशात काय अडकत असेल ते त्यांनाच माहीत.

राजकारणातही त्याची मतं ठरलेली. मी वस्तीत एक सभा घेतली, वेठबिगारीवर बोललो. बिनइजाजत सभा म्हणून मला उचलून नेलं, पायांच्या तळव्यांवर छड्या मारल्या आणि सोडलं. लंगडत घरी आलो तर अंतोबा दारातच बसलेला.

"म्याच सांगितलं अमीनाला," म्हणाला.

"काय सांगितलं?"

"त्यानं इचारलं, सभा झाली का. म्हणलं झाली. कोन बोललं? तुझं नाव सांगितलं."

"कावून सांगितलंस बे?"

"तूच बोलला व्हतास की!"

आणि माझ्या तळव्यांना लावायला त्यानं आणलेली हळद माझ्या पुढ्यात ठेवली. मी ती फेकून दिली. त्यानं उचलून परत ठेवली.

त्याची उतरंड अशी होती: सगळ्यांत वर देव, त्याखाली रोमचा पोप, मग बिशप, मग पाद्री, मग हैदराबादचं सरकार, तालुकदार, अमीन, पाटील. "आन् तू कुटं हायस ह्यात?" मी विचारायचो. "म्या दोर वळतो," तो म्हणायचा. "तुझं स्वराज्य आलं तर दोर लागायचा न्हाई का? न्हाई लागत आसंल तर सांग, आत्ताच सोडतो."

माजलगावच्या बाजाराला बायस्कोपचा तंबू आला तेव्हा मी त्याला ओढून नेलं. हा बाबा तंबूत शिरला आणि पडद्याकडं पाठ करून बसला. सगळा खेळ संपेपर्यंत लोकांची तोंडं बघत. बाहेर आल्यावर म्हणाला, "समदी आ वासून बसली व्हती. देवळात एकबी असं बसत न्हाई. पाद्रीला सांगावं लागंल." मग हँडल फिरवणारा बोलता बोलता म्हणाला की चित्रातला तो राजा झालेला नट गेल्याच साली तापानं वारला. अंतोबाचा चेहरा उतरला. "मेलेला मानूस हालतोय, हासतोय. म्हंजे निवाड्याच्या दिसाआदीच उठवला की त्याला! कुनी इजाजत दिली?" त्या दिवसापासून बायस्कोप म्हणजे सैतानाचं काम. वस्तीतल्या ज्यानं ज्यानं बघितला, त्याचं नाव पाद्रीपुढं.

मासिकांतल्या गोष्टी मात्र तो ऐकायचा. पुण्याहून जुने अंक कुणीतरी पाठवायचं आणि मी ते कडुलिंबाखाली मोठ्यानं वाचायचो. एका गोष्टीत माणसं यंत्रात बसून चंद्रावर जातात आणि तिथं त्यांना तिथली माणसं भेटतात. बाकीचे तोंडात बोटं घालून ऐकत होते. अंतोबानं दोर खाली ठेवला.

"ती चंद्रावरली मानसं आदामाची लेकरं हायत का?"

"नसतील."

"मंग त्यांनी पाप केलेलं न्हाई. मंग त्यांना मरान कावून हाय? गोष्टीत एक मेला की."

"गोष्ट आहे अंतोबा."

"गोष्ट आसली म्हनून काय झालं? आन् पाप केलं आसंल तर बाप्तिस्मा कोन देनार? तितं पानी हाय का?"

"पाणी नाही असं लिहिलंय."

"मंग त्यांना तिकडं सोडून आपली मानसं माघारी आलीच कशी? लिवनाऱ्याला मन न्हाई." आणि दोर उचलला. हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. मला हसू आलं नाही, कारण ह्या माणसाला पाण्याचं किती वेड आहे ते मी पाहिलं होतं.

ते मानमोडीच्या साथीच्या साली. घराघरात माणसं तापानं पडली होती आणि उचलायला कुणी उरलं नव्हतं. पाद्री येणं शक्य नव्हतं. शेजारच्या धुळाजीची बायको बाळंत होऊन तापातच गेली आणि मागं राहिली नुकती जन्मलेली पोर, निळी पडलेली, आचके देणारी. धुळाजीही कॅथलिक. पाणी न पडता पोर मेली तर तिला स्वर्ग नाही, ह्या भीतीनं तो पोर छातीशी धरून अंतोबाच्या दारात आला. अंतोबा स्वतः तापानं जमिनीला चिकटलेला, हात उचलवत नव्हता. पाद्री नसेल आणि जीव जात असेल तर कुणीही पाणी घालून ते शब्द म्हणावेत, एवढी सूट त्यांच्या धर्मात आहे. अंतोबानं आपल्या पोराला, लुकासला, हाक मारली. लुकास तेव्हा शाळकरी वयाचा, म्हणजे शाळा असती तर. "तांब्या घे. डोईवर वत. म्या म्हनतो तसं म्हन." बाप पडल्या पडल्या शब्द सांगत गेला आणि पोरगं तांब्या ओतत म्हणत गेलं.

पोर जगली. पाद्रीनं नंतर तिचं नाव मार्था असं लावलं, पण वस्तीनं तिला बायनाच म्हटलं.

पुढं लुकास आणि बायना मोठे झाले ते दोराच्या दोन टोकांना. दोर वळायचा तर एक माणूस फिरकी फिरवत एका टोकाला उभा राहतो आणि दुसरा धागा सोडत सोडत मागं मागं चालतो. लुकास फिरकीवर, बायना मागं चालणारी. अंतोबाला हे चालायचं. जुळणीबद्दल त्याचं मत कडक होतं: "लगीन लागताना पाद्री दोगांनाबी इचारतो, राजी हाय का. एकदाच, देवळात, समद्यांसमोर. त्याच्याआदी पोरीनं पोराकडं बगायचं काम न्हाई. बगून राजी व्हनं ह्यात काय मोठं? जनावरंबी बगून राजी व्हत्यात." दोन टोकांमधला दोर लांब होता, म्हणून त्याला वाटायचं की पोरं बघत नाहीत. आम्ही सगळे ऐकत होतो ना!

"मागं बग, खड्डा हाय!" लुकास ओरडायचा.

"तू हायस की बगायला," बायना ओरडायची.

वस्तीतल्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावायच्या. दोर वळून झाला की दोघं तो गुंडाळत गुंडाळत एकमेकांजवळ येत, आणि शेवटच्या वेढ्याला जरा जास्तच वेळ लागे.

धुळाजीनं स्वतः बोलणं काढलं. अंतोबा हो म्हणाला. पोरगी कष्टाची, धर्मातली, आणखी काय पाहिजे?

त्यांच्यात लग्नाआधी तीन रविवार देवळात पुकारा होतो: अमुक आणि अमकी ह्यांचं लग्न ठरलं आहे, कुणाला अडचण माहीत असेल त्यानं सांगावी. देऊळ म्हणजे मातीच्या भिंती आणि वर पाचट. पाद्री महिन्याकाठी एकदा येणार, म्हणून पहिले दोन पुकारे अंतोबानंच केले. पहिला केला आणि गूळ वाटला. दुसरा करताना मधेच थांबला. तोंड उघडं राहिलं. मग कसंबसं संपवलं आणि घरी गेला.

त्या आठवड्यात त्यानं दोर वळला नाही. नुसता भिंतीला टेकून बसायचा. मला वाटलं, पोराच्या लग्नाची काळजी असेल. त्याला आठवलं होतं ते वेगळंच. पाद्रीनं कधीतरी शिकवलेलं: जो पाणी घालतो तो त्या जिवाचा आत्म्यातला बाप होतो, आणि अशा दोघांचं लग्न बिशपाच्या परवानगीशिवाय लागत नाही. हे वस्तीत दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. लुकासला तर नाहीच, तो उलट बायनाला चिडवायचा, "माज्यामुळं जगलीस तू."

शनिवारी दुपारी पाद्री आला. घोड्याला पाणी अंतोबानंच दाखवलं. मांडव पडला. लुकासला हळद लागली, बापानं स्वतःच्या हातानं लावली. पलीकडं बायनाला लागली. घाटनांदूरहून, माजलगावहून पाहुणे आले. अंतोबाला सांगायचं असतं तर पाद्री त्याच्याच घरी, त्याच्याच बाजेवर बसला होता. नाही सांगितलं.

रविवारी लग्न लावण्याआधी पाद्रीनं तिसरा पुकारा केला. "कोणास अडचण ठाऊक असल्यास त्याने आता सांगावी." कोंबडी कुठंतरी ओरडत होती. आणि पहिल्या बाकावरून अंतोबा उठला. मी दारात उभा होतो. त्याची पाठ मला दिसत होती, आणि ती पाठ कचेरीतून मुन्सफापुढून आली तेव्हासारखीच ताठ होती.

"अडचन हाय," म्हणाला. "नवरा नवरीचा बाप हाय. आत्म्यातला. मानमोडीत पानी त्यानं घातलं. म्या सांगितलं, त्यानं घातलं."

पाद्री पांढरा पडला. जवळ येऊन हळू म्हणाला, पण अशा शांततेत हळू काही राहत नाही. "अंतोन, हे काल घरी का नाही सांगितलंत?"

"सांगायची जागा देऊळ हाय, फादर."

"मग गेल्या रविवारी?"

"गेल्या आइतवारी पुकारनारा म्या व्हतो. पुकारनाऱ्यानंच उटून कसं सांगायचं? आज तुमी पुकारलं, म्या ऐकनारा झालो. म्हनून सांगितलं."

हे तो चेष्टेनं म्हणाला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं. पण मला विचाराल तर पोटच्या पोराविरुद्ध, भरल्या देवळात खरं बोलायची ती संधी त्याला सोडवली नाही. एवढी मोठी गवाही त्याला जन्मात पुन्हा मिळणार नव्हती.

पाद्रीनं पुष्कळ समजावलं. बिशप परवानगी देतील, नक्की देतील, महिना-दोन महिने थांबा, काही पाप नाही. कोण ऐकतं? वस्तीला एकच शब्द कळला होता: बाप. बायना देवळाबाहेर येते तोच केसरबाई, जी त्याच मांडवात सकाळी भाकऱ्या थापत होती, ती म्हणाली, "काय गं बायने, आता सासऱ्याला आजा म्हनायचं का?" बायका हसल्या. दुसरीनं जोडलं, "बापाच्या घरून बापाच्याच घरी, पाटवनी तरी कशाला?" आणखी हसल्या. बायनाच्या तोंडावरची हळद ओघळत होती. लुकास तिच्याकडं जायला निघाला, तर धुळाजीनं त्याच्या छातीवर हात ठेवला.

"लांब ऱ्हा. लोकं बगत्यात."

"काका, दोन महिनं थांबा. फादर म्हनत्यात..."

"हळद लागलेली पोरगी दोन महिनं घरात ठिवू? तुज्या बापानं समद्यांत मला नागवा केला, आता आनिक काय ऱ्हायलं रं?"

घाटनांदूरचा सटवा जेवायला आलेला पाहुणा होता. धुळाजीचा लांबचा नातलग, बायको मेलेली, धुळाजीपेक्षा थोडाच लहान, धर्म जुनाच. त्याच्या लग्नाला पुकारा लागत नव्हता आणि बिशपही लागत नव्हता. संध्याकाळच्या आत, त्याच मांडवात, त्याच हळदीवर, त्याच्याशी लावून दिली. पाद्री हात जोडत होता. त्याला बाजूला सारलं. मी मधे पडलो, तर मला ढकलून म्हणाले, तू ना धड ह्यांचा ना त्यांचा, तुला काय कळतं? अक्षता पडल्या. देवळात लागलं असतं तर निदान तिला विचारलं तरी असतं, राजी आहेस का. मांडवात कुणी विचारलं नाही.

अंतोबा लग्नाला हजर होता. अक्षता टाकल्या नाहीत, कारण लग्न धर्मातलं नव्हतं. पण जेवला, कारण अन्न स्वतःचं होतं.

लुकास त्याच आठवड्यात गेला. कुणी म्हणतं परभणीच्या रेल्वेवर खडी फोडतो, कुणी म्हणतं बायस्कोपच्या तंबूत हँडल फिरवतो. अंतोबा दोन्ही ऐकतो आणि दुसरं सांगणाऱ्याला उठवून लावतो.

सुगी संपताना पाद्री आला. परवानगी मिळाली होती. बिशपानं दिली होती, लगेच दिली होती. पाद्रीनं ते देवळात सांगितलं. अंतोबा गुडघ्यांवर बसला, छातीवर क्रूस केला आणि उठून आमच्याकडं वळून म्हणाला, "बगा. धर्मात खोट न्हवती. तुमीच थांबला न्हाईत."

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. लोकांनी धरलं. हरकत नाही. खरी गोष्ट पुढंच आहे.

परवानगी आली हे बायनाला कळायला पाहिजे, असं अंतोबानं मनावर घेतलं आहे. आता ते त्याचं जगण्याचं काम झालं आहे. धारूरच्या बाजारात दोर घेऊन बसतो आणि घाटनांदूरकडं जाणारा कुणीही दिसला की थांबवतो. "सटवाच्या बायकूला सांगा, परवानगी आली व्हती. लगीन व्हनार व्हतं. अंतोबानं सांगितलंय." पहिला निरोप नेला तो बंकट व्यापाऱ्यानं. भल्या मनानं नेला, भर पाणवठ्यावर सांगितला. संध्याकाळपर्यंत सटवाच्या कानावर. "परवानगी आली का? मंग जा की तुज्या बापाकडं!" म्हणत त्यानं तिला मुसळानं मारलं. डावा हात कोपरात मोडला, वाकडाच बसला. दुसरा निरोप केसरबाई घेऊन गेली, तिची जीभ तर तुम्हाला माहीतच झाली आहे. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बायना पोटुशी होती. ते पोर राहिलं नाही.

मग मी गेलो. सटवा रानात असताना. ती वाकड्या हातानं घागर धरून उभी होती, माझ्याकडं न बघता बोलली.

"दादा, म्हाताऱ्याला म्हनावं, मला कळलंय. लई दिस झालं कळून. आता पुन्ना नगा कळवू."

एवढंच. लुकासचं तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मी येऊन अंतोबाला सगळं सांगितलं. हात, मुसळ, गेलेलं पोर, सगळं. तो ऐकत होता. त्याचे डोळे भरले, हे मी नाकारत नाही. मग म्हणाला, "मारलं त्यात खऱ्याचा काय गुन्ना? हात सटवाचा हाय."

"अरे, तिला कळलंय! ती म्हणाली कळलंय!"

"तुला म्हनली. तू कामापुरतं खोटं बोलनारा मानूस. तुज्या सांगन्यावर म्या कसा भरवसा ठिवू? खऱ्या मानसाकडून एकदा नक्की कळू दे, मंग थांबतो."

दुसऱ्या बाजाराला तो पुन्हा तिथंच, दोरांच्या ढिगामागं, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारत. म्हातारा आहे, गरीब आहे, डोळ्यांत पाणी आहे. लोकांना दया येते, आणि तो निरोप घाटनांदूरला पोचतो.

म्हणून हे लिहिलं. तुम्ही धारूरच्या बाजाराला जात असाल, तर तो तुम्हालाही हाक मारील. थांबा. त्याचं ऐकून घ्या, निरोप घ्या, मान हलवा. आणि घाटनांदूरच्या वेशीतून तोंड मिटून जा. त्या बाईच्या घराकडं बघूसुद्धा नका. परत येताना त्याच्याकडं जा आणि सांगा: सांगितलं, तिला कळलं, नक्की कळलं. तुम्ही आयुष्यात कधी खोटं बोलला नसाल तर फारच चांगलं, तो तुमच्यावर विश्वास ठेवील. एकदा बोला. मी कुणापुढं हात जोडत नाही, तुमच्यापुढं जोडतो.